अमेरिकेत मेडिकलला अर्ज करताना स्वयंसेवेचा रकाना कुठे अडतो

मे महिना आला की ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. मुलीचा जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) छान, एमकॅटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे, गुण छान, तरी मागच्या वर्षी एकाही कॉलेजने मुलाखतीला बोलावलं नाही, असं का? अर्ज उघडून बघितला की बऱ्याचदा अडचण लगेच दिसते. स्वयंसेवेच्या नोंदी भरपूर असतात, पण एकाही ठिकाणी ती सहा महिने टिकलेली नसते.

पात्रतेचं आधी उरकून घेऊ. इथे मेडिकलला जाण्याआधी साधारणपणे चार वर्षांची पदवी लागते, एमकॅट द्यावी लागते, आणि बहुतेक कॉलेजांचा अर्ज ॲमकॅस या सामायिक पोर्टलवरून जातो. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचं पोर्टल वेगळं आहे, ऑस्टिओपॅथीचं, म्हणजे एमडीऐवजी डीओ पदवी देणाऱ्या मेडिकल कॉलेजांचं, वेगळं. एच-४ वर (एच-१बी कामगार व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलांनी प्रत्येक कॉलेजचा नियम स्वतः वाचावा, कारण अनेक कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांचेच अर्ज घेतात. हे सप्टेंबरमध्ये कळलेली मुलं मी बघितली आहेत, फार वाईट वाटतं.

आता मुख्य प्रश्न: किती तास? बहुतेक कॉलेजं आकडा सांगतच नाहीत, आणि तिथेच पालकांची धावाधाव सुरू होते. आठवड्याला तीन तास याप्रमाणे दीड वर्ष केलं तर दोनशेच्या वर तास होतात. तेवढेच तास एका उन्हाळ्यात रोज जाऊनही होतात. बेरीज सारखी, पण कॉलेजात अर्ज वाचणाऱ्यांच्या लेखी वजन सारखं नाही. परीक्षा आल्या, थंडी पडली, मैत्रिणी बाहेर फिरायला गेल्या, तरी ही मुलगी दर मंगळवारी तिथे हजर होती का, हे त्यांना बघायचं असतं.

अर्जात रुग्णसेवेशी संबंधित स्वयंसेवा आणि इतर स्वयंसेवा असे दोन वेगळे प्रकार आहेत. दोन्ही हवेत. रुग्णालयाच्या भेटवस्तूंच्या दुकानात बसणं रुग्णसेवेत मोडत नाही, कारण तिथे रुग्णाशी गाठच पडत नाही. डॉक्टरांच्या मागे उभं राहून बघणं, म्हणजे शॅडोइंग, ही स्वयंसेवा नाही. त्याचा रकाना वेगळा आहे. स्क्राइबचं (डॉक्टरांसाठी तपासणीच्या नोंदी टिपून घेण्याचं) किंवा ॲम्ब्युलन्सवरचं पगारी काम उत्तम अनुभव देतं, पण ते नोकरीत लिहायचं. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळलेले अर्ज दरवर्षी दिसतात.

आपल्या मंडळाच्या कामाचं काय, हा हमखास येणारा प्रश्न. गणेशोत्सवात एक दिवस महाप्रसाद वाढला, ही नोंद लिहून जागा अडवू नका. मराठी शाळेत दर रविवारी तीन वर्षं लहान मुलांना शिकवलं असेल, तर जरूर लिहा. फक्त संपर्कव्यक्ती म्हणून आईबाबांचं किंवा सख्ख्या काकांचं नाव देऊ नका, मग ते मंडळाचे अध्यक्ष का असेनात. शाळेच्या दुसऱ्या कुणा जबाबदार माणसाचं द्या. आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे की निदान एक काम आपल्या लोकांच्या बाहेरचं हवं: फूड पॅन्ट्री, बेघरांचा निवारा, निर्वासित कुटुंबांतल्या मुलांची शिकवणी, हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा). ज्यांचं जगणं आपल्यासारखं नाही अशांबरोबर वेळ काढला का, हे मुलाखतीत खोदून विचारतात.

रुग्णालयात किंवा हॉस्पिसमध्ये नाव नोंदवणं दोन दिवसांत होत नाही. पार्श्वभूमी तपासणी, रुग्णांच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण, फ्लूची लस, ओरिएंटेशन, हे सगळं रांगेने होतं. आपली मुलं अडकतात ती दोन कागदांवर. पहिला टीबीचा. भारतात जन्मलेल्यांना बीसीजी दिलेली असते, दंडावर व्रण असतो. त्वचेवरची टीबी चाचणी केली की बीसीजीमुळे हात सुजून ती पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि पुढची पत्रं यात आठवडे जातात. म्हणून चाचणीआधीच बीसीजी झाल्याचं सांगा आणि रक्ताची चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

दुसरा कागद गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांच्या लसींचा. गावाकडच्या डॉक्टरांनी शाईने भरलेलं पिवळं पडलेलं कार्ड, त्यात तारखा अर्धवट, शिक्का पुसट. शिवाय कांजिण्यांची लस भारतातल्या सरकारी लसीकरणात नाही. इथल्या शाळेत घालताना घेतलेल्या लसी असतील तर त्यांची नोंद बालरोगतज्ज्ञांकडे किंवा राज्याच्या लसीकरण नोंदणीत शोधा. नाहीच सापडली तर रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, बहुतेक ठिकाणी तिचा अहवाल चालतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

सुट्टीत पुण्याला किंवा नाशिकला मामांच्या हॉस्पिटलात जाऊन आलेल्यांसाठी खास सूचना. तिथे बघितलेलं लिहायला हरकत नाही. पण टाके घातले, इंजेक्शन दिलं, बाळंतपणात हात लावला, असं अभिमानाने लिहिलंत तर ते अंगलट येतं. वैद्यकीय कॉलेजांची संघटना एएएमसी हिने परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल स्पष्ट सूचना काढल्या आहेत: प्रशिक्षण नसताना जे इथे करता आलं नसतं, ते तिथेही करू नये. मामांनी प्रेमाने संधी दिली असली, तरी अर्ज वाचणाऱ्याला त्यात रुग्णाचा धोका दिसतो. त्याचं बरोबरच आहे.

ॲमकॅसच्या अर्जात कामांच्या एकूण पंधरा नोंदी, प्रत्येकीला ७०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. त्यांतल्या तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडता येतात आणि त्यांना आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. पंधरा भरल्याच पाहिजेत असं नाही. हायस्कूलमधलं काम कॉलेजातही चालू राहिलं असेल तरच घ्या. "रुग्णांची सेवा केली आणि खूप शिकायला मिळालं" या वाक्याने काहीच कळत नाही. "स्ट्रोकनंतर बोलता न येणाऱ्या आजोबांबरोबर चित्रांच्या पाटीवर बोट ठेवत जेवण ठरवायचो" यातून कळतं. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असं मात्र काही लिहू नका.

झालेले तास आणि पुढे होणारे तास वेगळे लिहायचे असतात. चाळीस झालेले आणि तीनशे होणारे, असा अर्ज बघून कुणाचाही विश्वास बसत नाही. आणि एकदा अर्ज दाखल केला की या नोंदी बदलता येत नाहीत.

तारखेबद्दल मोठा गैरसमज आहे. अनेक कॉलेजांची अंतिम मुदत शरद ऋतूतली दिसते, म्हणून मुलं निवांत राहतात. पण जूनपासून अर्ज जायला लागतात, गर्दीच्या दिवसांत पडताळणीलाच कित्येक आठवडे जातात, आणि बरीच कॉलेजं अर्ज येतील तसे मुलाखतीला बोलावतात. मुदतीच्या आठवड्यात आलेल्याला उरलेल्या जागांत बसावं लागतं. म्हणजे जूनमध्ये अर्ज करायचा तर स्वयंसेवा निदान आदल्या वर्षीच्या सुरुवातीला लागलेली हवी, आणि तिच्यासाठीचे टीबी-लसींचे कागद त्याच्याही आधी.

कुठलंही काम सोडताना समन्वयकांकडून संस्थेच्या लेटरहेडवर सुरुवातीची व शेवटची तारीख आणि एकूण तास लिहून घ्या. ही माणसं बदलतात, तुमचा ईमेल मग कुणीच उघडत नाही. पत्राची एक प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कॉलेजच्या नको, कारण पदवीनंतर काही ठिकाणी तो पत्ता बंद होतो.