पडद्यावरच्या गाड्या, त्यांच्या प्रतिकृती आणि अस्सलपणाचा वाद : पार्श्वभूमी

जुन्या आणि दुर्मीळ गाड्यांचे प्रदर्शन भरवायचे ठरले, की नाशिकच्या हौशी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. दूरचित्रवाणी मालिकेतील एखाद्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती कोणी मोठ्या कष्टाने उभी केली असेल, तर तिला मैदानावर अस्सल जुन्या गाड्यांच्या रांगेत जागा द्यायची, की प्रवेशद्वारापाशी शोभेची वस्तू म्हणून उभे करायचे? दोन्ही बाजूंचे लोक तळमळीने बोलतात, आणि दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात : कुठेतरी एकच एक मूळ गाडी आहे आणि बाकी सगळ्या तिच्या नकला आहेत. या गाड्यांचा इतिहास मात्र हे गृहीतक फार काळ टिकू देत नाही.

1966 च्या 'बॅटमॅन' मालिकेतील नायकाची गाडी, बॅटमोबील, हे त्याचे सर्वांत जुने ठळक उदाहरण. 1955 मध्ये इटलीतील तुरिन येथे हाताने घडवलेली लिंकन फ्युचुरा ही प्रदर्शनापुरती केलेली गाडी हॉलिवूडमधील एका कारागिराने नाममात्र एका डॉलरला मिळवली आणि जेमतेम तीन आठवड्यांत तिला वटवाघळाचे रूप दिले. म्हणजे जिला जग आज अस्सल मानते, ती मुळात दुसऱ्याच गाडीवर चढवलेला साज होती. मालिका लोकप्रिय होताच त्याच कारागिराने मूळ गाडीवरून साचे काढून फायबरच्या आणखी तीन गाड्या केल्या आणि त्या गावोगावच्या प्रदर्शनांत फिरवल्या. मालिका सुरू असतानाच लोकांनी हात लावून पाहिलेल्या गाड्यांत या फायबरच्या गाड्याही होत्या.

सत्तरच्या दशकात हा प्रकार कारखान्यापर्यंत पोहोचला. 'स्टार्स्की अँड हच' मधील पांढऱ्या पट्ट्याची लाल ग्रॅन टोरिनो इतकी गाजली, की 1976 मध्ये मूळ उत्पादकानेच तशाच रंगाच्या सुमारे हजार गाड्या बाजारात आणल्या. त्यांना प्रतिकृती म्हणावे, तर त्या त्याच कंपनीच्या आणि त्याच मॉडेलच्या आहेत. अस्सल म्हणावे, तर त्यांतली जवळजवळ एकही कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नाही. संग्राहक त्यांचा आजही वेगळा वर्ग मानतात, आणि तो योग्यच आहे.

'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' (1979 ते 1985) मधील जनरल ली या नारिंगी डॉज चार्जरने तर संख्येचाच प्रश्न उभा केला. सहा वर्षांत तीनशेहून अधिक गाड्या वापरल्या गेल्या, कारण उडी मारून जमिनीवर आपटलेली गाडी सहसा पुन्हा उपयोगाची राहत नसे. उडताना नाक खाली जाऊ नये म्हणून डिकीत वजन भरले जाई आणि इंजिनाचा भार असलेला पुढचा भाग तरीही आधी आदळे. पुढे 1969 ची चार्जर मिळेनाशी झाली, तेव्हा 1968 आणि 1970 च्या गाड्यांना जाळी आणि मागचे दिवे बदलून 1969 चे रूप देण्यात आले. अशा परिस्थितीत आज एखादी चार्जर 'पडद्यावर वापरलेली' म्हणून विकायला आली, तर तिच्या चासी नंबरावरून फक्त ती कोणत्या साली बनली एवढेच कळते. ती खरोखर चित्रीकरणात होती का, हे छायाचित्रे, निर्मात्यांची कागदपत्रे, पत्र्यावरच्या वेल्डिंगच्या खुणा आणि जुन्या रंगाचे थर यांवरूनच ठरवावे लागते. नोव्हेंबर 1978 मध्ये पहिली उडी मारलेली गाडी जॉर्जियातील भंगारात पडून होती. ती शोधून, पुन्हा उभी करून 2012 मध्ये 1 लाख 10 हजार डॉलरला विकली गेली, यामागे याच पुराव्यांची जुळवाजुळव आहे.

'मायामी व्हाइस' चे उदाहरण याहून बोलके आहे. 1984 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत नायकाची काळी फेरारी डेटोना खरी फेरारी नव्हतीच. ती कॉर्व्हेटच्या चासीवर फायबरचा सांगाडा चढवून केली होती. फेरारी बनवणाऱ्या इटालियन कंपनीने या नकली गाडीच्या कर्त्याविरुद्ध दावा लावला आणि तडजोडीनंतर मालिकेला आपल्या दोन खऱ्या टेस्टारोसा गाड्या दिल्या. 1986 मध्ये तिसऱ्या पर्वाच्या आरंभी ती काळी गाडी पडद्यावरच उडवून देण्यात आली. तरीही त्या मालिकेचे चाहते आज त्या नकली डेटोनाच्याच प्रतिकृती करतात, आणि त्यात कॉर्व्हेटची चासी वापरली नाही तर प्रतिकृती चुकीची ठरवतात.

नाशिकमधल्या चर्चेला मात्र खरी धार येते ती 'नाइट रायडर' मधील कीट या बोलणाऱ्या गाडीपाशी. 1982 ते 1986 दरम्यान अमेरिकेत प्रसारित झालेली ही मालिका आपल्याकडे उपग्रह वाहिन्यांच्या काळात पोहोचली आणि आज चाळिशीत असलेल्या पिढीच्या मनात घर करून बसली. बाहेरून पाहिले तर ती काळी पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲम आहे. नाक बदललेले, त्यात डावीकडून उजवीकडे आणि परत सरकणारा लाल दिवा, आणि चाकांवर सपाट टोप्या. कळीचा भाग आत आहे. पहिल्या दोन पर्वांत डॅशबोर्डवर दोन पडदे होते, तिसऱ्या पर्वापासून एकच राहिला. गाडी बोलताना सुरुवातीच्या भागांत एक लाल चौकोन नुसता लुकलुकत असे, आणि आवाजाबरोबर वर-खाली होणारे तीन उभे पट्टे नंतर आले. म्हणून दोन पडद्यांच्या डॅशबोर्डशेजारी एखाद्याने चौथ्या पर्वातील बटणे बसवली, तर जाणकार डोळा ते लगेच पकडतो. अंबडच्या एखाद्या शेडमध्ये ॲक्रिलिकच्या पट्टीमागे एलईडी बसवून, सर्किट बोर्डवर तिचा वेग पर्वाच्या चित्रफितीशी सेकंदासेकंदाने जुळवणारा माणूस पाहिला, की या नादाला पोरखेळ म्हणण्याचे धाडस होत नाही.

पण याच गाडीच्या बाबतीत अस्सलपणाची कल्पना सर्वांत जास्त डळमळते. चित्रीकरणासाठी सुमारे दोन डझन गाड्या तयार झाल्या. जवळून दाखवायच्या गाडीत पूर्ण डॅशबोर्ड असे. कसरतीच्या गाड्या आतून जवळजवळ रिकाम्या असत. चालकाविना धावताना दाखवायच्या गाडीत खरा चालक आसनाच्या आत दडलेला असे. म्हणजे घरी बसून आपण जी एक गाडी पाहिली, ती प्रत्यक्षात कधीच एक नव्हती. संकलनाच्या टेबलावर ती एक झाली. मालिका संपल्यावर बहुतेक गाड्या नष्ट करण्यात आल्या आणि मोजक्याच वाचल्या. त्या वाचलेल्यांपैकी एखादीत नंतर डॅशबोर्ड नव्याने बसवला असेल, तर तिच्यापेक्षा एखाद्या चाहत्याने चित्रफिती थांबवून थांबवून केलेला डॅशबोर्ड पडद्याशी अधिक प्रामाणिक असू शकतो. हे मान्य करायला संग्राहक कचरतात; त्यांच्या गुंतवणुकीचा विचार केला तर ते समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे त्यांचा नकार बरोबर ठरत नाही.

इथवरचा वाद चाहत्यांचा आपापसातला होता. त्याला कायद्याचे वळण दिले ते अमेरिकेतील एका खटल्याने, आणि आजच्या प्रतिकृतींची परिस्थिती त्याच्याशिवाय समजत नाही.

कॅलिफोर्नियातील एक गॅरेजवाला 1966 ची मालिका आणि 1989 चा चित्रपट यांतील बॅटमोबीलच्या प्रतिकृती करून सुमारे 90 हजार डॉलरला एक अशा विकत असे. इतरांना स्वतः गाडी बदलता यावी म्हणून सुटे भागही देत असे. कॉमिक पुस्तकांच्या प्रकाशकाने त्याच्यावर दावा लावला. गॅरेजवाल्याचे म्हणणे थोडक्यात असे होते : गाडी ही उपयोगाची वस्तू आहे, तिच्या आकारावर कॉपीराइट लागत नाही, शिवाय कॉमिकमधील गाडी आणि पडद्यावरची गाडी दिसायला वेगवेगळ्या आहेत, मग पडद्यावरच्या गाडीवर प्रकाशकाचा हक्क कसा? 2013 मध्ये खालच्या न्यायालयाने आणि 23 सप्टेंबर 2015 रोजी फेडरल अपील न्यायालयाने प्रकाशकाच्या बाजूने निकाल दिला, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला.

निकालाचा गाभा असा, की बॅटमोबील ही केवळ गाडी नसून पात्र आहे. त्यासाठी न्यायालयाने तीन कसोट्या लावल्या : पात्राला शारीरिक तसेच कल्पनेतले गुण असले पाहिजेत, ते जिथे जिथे येईल तिथे ओळखता येईल इतके ठाशीव असले पाहिजे, आणि त्यात खास वेगळेपण असले पाहिजे. गाडीचे रूप वेळोवेळी बदलले, हा आक्षेप न्यायालयाने मानला नाही. जेम्स बाँडचा नट बदलला तरी पात्र तेच राहते, तसेच वेशांतर झाले तरी वटवाघळासारखे रूप, अफाट वेग आणि आधुनिक शस्त्रे हे गुण कायम आहेत, असे त्याचे म्हणणे. मालिकेच्या निर्मात्यांना दिलेल्या करारात प्रकाशकाने आपले हक्क राखून ठेवले होते, हाही मुद्दा निर्णायक ठरला.

या निकालाचे महत्त्व 2013 मधील दुसऱ्या एका घटनेशेजारी ठेवले की स्पष्ट होते. त्याच वर्षी जानेवारीत ॲरिझोनातील लिलावात मूळ बॅटमोबील, जी तोवर तिच्या कारागिराकडेच होती, शुल्कासह 46 लाख 20 हजार डॉलरला विकली गेली. एकीकडे पत्रा आणि चासी यांची मालकी विक्रमी किमतीला हस्तांतरित होत होती, दुसरीकडे त्या पत्र्याच्या आकाराची मालकी तिसऱ्याच हातात असल्याचे न्यायालय सांगत होते. चाहत्यांनी अनेक दशके 'खरी गाडी कोणती' या प्रश्नावर डोकी खपवली. निकालाने तो प्रश्न बाजूला सारून 'रूप कोणाचे' हा प्रश्न पुढे आणला. अपील न्यायालयाच्या तर्काला आधार आहे हे नाकारता येणार नाही. तरीही, ज्याने फायबरमध्ये हात घातला, लांबी (पुट्टी) भरली, घासली आणि आपल्या गाडीवर प्रतिकृती असेच लिहिले, त्याच्यात आणि खोटी कागदपत्रे जोडून गाडी मूळ म्हणून विकणाऱ्यात चाहत्यांचे जग जो फरक करत आले, त्याला या निकालात जागा उरली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, या सगळ्या इतिहासातील हेच मोठे नुकसान आहे.

निकालाच्या कसोट्या सगळ्यांच गाड्यांना लागू पडत नाहीत, हे नंतर दिसले. एका चित्रपटमालिकेतील एलनोर नावाच्या मस्टँगबाबत त्याच अपील न्यायालयाने मे 2025 मध्ये उलट निष्कर्ष काढला : तिला ठराविक रूप नाही, सातत्याने दिसणारे गुण नाहीत, म्हणून ती पात्र नाही. या दोन निकालांच्या मध्ये कीट कुठे बसते, हे वेगळे सांगायला नको; ती गाडी बोलते, रुसते, सल्ले देते आणि चारही पर्वांत तोच लाल दिवा फिरवते.

2015 हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहिले. जनरल लीच्या छतावरील, अमेरिकी यादवी युद्धातील बंडखोर राज्यांचा ध्वज वंशद्वेषाचे प्रतीक म्हणून वादात सापडला आणि हक्कदार कंपनीने त्या ध्वजासह खेळण्यातल्या गाड्या करण्याची परवानगी बंद केली. पहिली उडी मारलेल्या गाडीच्या मालकानेही छत रंगवून टाकण्याचे जाहीर केले. आपल्याकडे हा ध्वज केवळ नक्षी म्हणून काढला जातो. त्याचा अर्थ कळल्यावर छत साधे नारिंगी ठेवणे हीच शहाणी प्रतिकृती होय.

नाशिकमध्ये या सगळ्याला वेगळेच वळण मिळते. इथे फायरबर्ड किंवा चार्जर आणून उभी करणे जवळजवळ अशक्य, म्हणून आधाराला येते ती कॉन्टेसा ही जुनी भारतीय गाडी, किंवा एखादी स्वस्तात मिळालेली जुनी सेडान. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे फायबरचे साचे काढणारे, पत्रा कापणारे, वायरिंग करणारे कारागीर हाताशी असतात. त्यामुळे देशातल्या अनेक शहरांपेक्षा इथे हे काम करणे सोपे जाते. अडचण येते ती रस्त्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे काटेकोरपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. कीटचा लाल दिवा तर त्याहून आधीपासूनच नियमबाह्य आहे, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाच्या पुढच्या बाजूस लाल दिवा दाखवता येत नाही. म्हणून जबाबदार मालक गाडी ट्रकवर चढवून मैदानावर नेतात आणि दिवा तिथेच सुरू करतात.

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले, तेव्हा आपल्या गाड्यांना मान्यता मिळेल अशी प्रतिकृतीवाल्यांना आशा वाटली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे पूर्ण झालेली वाहने 20 हजार रुपये शुल्क भरून 'व्हीए' या नोंदणी क्रमांकांच्या मालिकेत नोंदवता येतात. पण वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे, म्हणजे चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. 1984 च्या कॉन्टेसाची पन्नास वर्षे 2034 मध्ये भरतील, आणि तिच्यावर फायबरचे नाक चढवलेले असेल, तर त्या दिवशीही ती अपात्रच राहील. त्यामुळे नियमांच्या चौकटीत प्रतिकृतीला ना दूरचित्रवाणी मालिकेतील मूळ गाडीचा दर्जा मिळतो, ना ती जिच्यावर उभी आहे त्या गाडीचा. प्रदर्शनात तिच्यासाठी स्वतंत्र वर्ग ठेवावा आणि फलकावर मालिका, पर्व, आधाराची गाडी आणि केलेले बदल हे चारही तपशील लिहावेत, ही नाशिकच्या काही हौशींची मागणी यातूनच आली आहे.