प्रश्नाची चिठ्ठी घरी आली की…
(पालकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार पालकहो,

दर सोमवारी तुमच्या मुलाच्या दप्तरातून एक पिवळी चिठ्ठी घरी येते. तिच्यावर मुलाच्या अक्षरात, वर्गात निघालेला एक प्रश्न असतो. पहिलीतल्या मुलांच्या बाबतीत अक्षर ताईचं, म्हणजे शिक्षिकेचं, पण शब्द मुलाचेच. या चिठ्ठीचं काय करायचं ते जूनच्या पालकसभेत सांगितलं होतं. तरीही दर आठवड्याला दारात तीच विचारणा होते आणि वर्गात तीच अडचण येते. शाळा नवी आहे, आपलं हे तिसरंच वर्ष, आणि यंदा दुसऱ्या शाळांमधून आलेली मुलंही बरीच आहेत. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. घरातल्या आजीआजोबांनाही हे वाचायला द्या. बऱ्याच घरी चिठ्ठी आधी त्यांच्याच हातात पडते.

मुख्य विनंती आधीच सांगते. चिठ्ठीवर उत्तर लिहून पाठवू नका.

का, ते सांगते. मागच्या डिसेंबरात तिसरीच्या वर्गात प्रश्न निघाला, "सावली सगळ्यात छोटी कधी होते?" मुलं अंगणात आवळ्याखाली डबा खातात. सावली सरकते, मग डबे उचलून सगळ्यांना सरकावं लागतं. त्यातूनच हा प्रश्न आला. बादलीत वाळू भरायची, तीत झाडूचा दांडा सरळ रोवायचा आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी फरशीवर खडूने खूण करायची, असं ठरलं. मंगळवारी सकाळी वर्गातल्या अठरांपैकी अकरा चिठ्ठ्या उत्तरासकट परत आल्या. "दुपारी १२ वाजता, कारण तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो." दोन तर टाइप करून छापलेल्या होत्या. एकीवर आईने काढलेली रंगीत आकृती होती, फार सुरेख. मुलांनी ती उत्तरं वाचून दाखवली. बारा वाजता खूण केली, "झालं" म्हणाली आणि खडू ठेवून दिले. बादलीपाशी चार जण उरले.

त्या चौघांना दिसलं की बारा वाजून गेल्यावरही सावली आखूडच होत चालली आहे. साडेबाराच्या आसपास ती सर्वांत लहान झाली आणि मग पुन्हा लांबू लागली. त्यांतली एक मुलगी खडूने पांढऱ्या झालेल्या हातांनीच धावत आत आली. "ताई, आपलं घड्याळ चुकलंय!"

घड्याळ बरोबर होतं. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरची. आपलं पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, चौऱ्याहत्तर अंशांच्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर पुण्याची खरी मध्यान्ह सरासरी चौतीस-पस्तीस मिनिटं उशिरा होते. वर्षभरात तीही थोडी पुढेमागे होते, फेब्रुवारीच्या मध्यावर तर पाऊण वाजून जातो. आणि सूर्य बरोबर डोक्यावर म्हणाल, तर पुण्यात तो वर्षातून दोनदाच येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. डिसेंबरात तो भर दुपारीही दक्षिणेकडे चांगलाच कललेला असतो.

म्हणजे अकरा घरांतून आलेलं उत्तर पुण्यापुरतं दोन्ही बाजूंनी चुकलेलं होतं. पण माझी तक्रार उत्तर चुकल्याची नाही. ते अचूक असतं तरी खडू खाली ठेवलेच गेले असते. मुलाच्या दृष्टीने बाबांनी सांगितलं म्हणजे विषय संपला. त्यांना पुन्हा त्या दांड्यापाशी आणायचं, तेही "माझ्या बाबांचं चुकलं" असं कुणालाही न वाटू देता, यात आमचा अख्खा आठवडा गेला. तेवढ्या वेळात वर्ग लांबी मोजण्यावरून आलेखावर गेला असता. असं वर्षातून एकदा झालं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

हा अनुभव आमच्या एकट्यांचा नाही. अमेरिकेत एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक नवं खेळणं दिलं. त्यात चार गमती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवल्यासारखी त्यांतली एकच गंमत करून दाखवली. ती मुलं तीच गंमत पुन्हा पुन्हा करत बसली आणि बाकीच्या तीन त्यांना कमी सापडल्या. ज्यांना असं शिकवलं नव्हतं त्यांनी खेळणं उलटसुलट करून जास्त शोधलं. आपण प्रेमाने दाखवतो, आणि मूल समजतं की बघण्यासारखं इतकंच होतं.

मग चिठ्ठीचं करायचं काय?

चिठ्ठी घेऊन मुलाशेजारी दहा मिनिटं बसा. प्रश्न त्यालाच वाचायला सांगा. मग विचारा, "तुला काय वाटतं?" आणि थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड आहे. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून पाहिली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मनात "एक… दोन… तीन" म्हणून बघा. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता हे करणं सोपं नाही, मला माहीत आहे. माझ्याही घरी दोन मुलं आहेत.

मुलाने जे सांगितलं ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्याच्याच हाताने लिहू द्या. चुकीचा अंदाज, मोडकं शुद्धलेखन, सगळं चालेल. खाडाखोड असेल तर उत्तमच, म्हणजे मधे विचार बदलला. जमलं तर काहीतरी करून बघा आणि दिसलं ते एका ओळीत लिहा.

आजवर आलेली सर्वांत चांगली चिठ्ठी मी कार्यालयात लावून ठेवली आहे. प्रश्न होता, "मुंग्या रांग का मोडत नाहीत?" मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "आजोबांनी रांगेवर ओलं बोट फिरवलं. मुंग्या थांबल्या. मग इकडेतिकडे हुडकत बसल्या. मग परत रांग झाली. रांगेत काहीतरी लावलेलं असणार." त्या आजोबांना उत्तर ठाऊक असणारच, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी नातवाला बोट दिलं, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी साखरेची पुडी घेऊन दुसरीचा सगळा वर्ग अंगणात पालथा पडला होता. मुंग्या वाटेवर वास सोडत जातात, हे शुक्रवारी ताईने सांगितलं तेव्हा ते ऐकायला वर्ग आसुसलेला होता.

प्रत्येकच प्रश्नाला हा नियम लावू नका. गॅस, वीज, औषधं, रस्ता यांबाबत मुलाने काही विचारलं तर सरळ आणि लगेच सांगा. शब्दाचा अर्थ विचारला तर सांगून टाका. घरात कुणी गेलं असेल आणि त्याबद्दल विचारलं तर जवळ घेऊन खरं ते सांगा. साध्यासाध्या गोष्टींनाही "तुला काय वाटतं?" म्हणत राहिलात तर मूल वैतागून विचारणंच सोडेल. आमची विनंती फक्त पिवळ्या चिठ्ठीपुरती आहे.

"शेवटी उत्तर देता की नाही?"

देतो. दर शुक्रवारी. वर्गाने काय पाहिलं ते आधी मुलं सांगतात, मग पुस्तक उघडतो आणि ताई नीट समजावते. मुलांना चुकीच्या समजुतीत घरी पाठवत नाही. मंगळवारचं उत्तर शुक्रवारी येतं, एवढाच फरक.

"वही रिकामीच दिसते" हाही नेहमीचा प्रश्न. वाचन रोज होतं, लेखन रोज होतं, पाढे आम्ही पाठ करून घेतो आणि त्याबद्दल आमच्या मनात काही शंका नाही. पाढे तोंडावर असले की मोजमाप करताना मूल अडखळत नाही. फक्त फळ्यावरचं वहीत उतरवून घेण्यात तास घालवत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक मुलाची फाईल तुम्हाला बघायला ठेवलेली असते. सावलीच्या खुणांचा कागद, वजनांचे तक्ते, मुलाने स्वतः लिहिलेली पानं, सगळं तीत असतं. जूनमधलं पान आणि नोव्हेंबरमधलं पान शेजारी ठेवून बघा. गेल्या वर्षी ज्यांनी असं पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी धाकट्याचं नाव तिथेच नोंदवलं.

चिठ्ठीसाठी चॉकलेट, स्टिकर किंवा मोबाइलवरची जादा दहा मिनिटं कबूल करू नका. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, मुळात चित्रांची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. बक्षीस मिळेल असं आधी सांगून ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात रंगांकडे साधारण निम्माच वेळ वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. कौतुक करायचंच असेल तर मुलाने काय पाहिलं ते लक्ष देऊन ऐका.

यंदा नव्याने आलेल्या मुलांच्या पालकांना थोडं वेगळं सांगायचं आहे. पहिला महिना-दीड महिना चिठ्ठी कोरी येईल. घाबरू नका. जूनमध्ये एक मुलगा आला, हुशार, अक्षर मोत्यासारखं. अंगणात गोगलगाय दाखवली तर त्याने विचारलं, "ताई, हे वहीत लिहायचंय का? समास किती सोडू?" गोगलगायीकडे त्याने पाहिलंच नाही. आम्ही त्याला काही म्हटलं नाही. रोज भिंग हातात दिलं आणि सोडून दिलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी दप्तर दारातच टाकून तो कुंड्यांमागे गेला आणि तिथूनच ओरडला, "ही मागे पाणी कशाला सांडते?" त्या आठवड्याची चिठ्ठी त्याची. अशा वेळी "आमच्या आधीच्या शाळेत बरं होतं, निदान अभ्यास तरी दिसायचा" असं मुलासमोर बोलू नका. आमच्याशी बोला, दार बंद करून, हवं तितकं.

दीड वाजता मुलांना घ्यायला येता तेव्हा गाडीवर बसता बसता "आज काय शिकवलं?" असं विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येतं. त्याऐवजी "आज कुठे अडलं?" किंवा "आज कोण चुकीचं निघालं?" असं विचारून बघा. कर्वे रस्त्याच्या सिग्नलपर्यंत तरी गप्पा पुरतील.

घरी वेगळं सामान लागत नाही. तरी बरेच जण विचारतात म्हणून कार्यालयात एक शोधपेटी ठेवली आहे. तीत भिंग, दोन चुंबक, ड्रॉपर, शिंप्याची टेप, सुतळी आणि कोरी वही आहे. किंमत ३५० रुपये. रविवार पेठेत बोहरी आळीत फिरायची तयारी असेल तर यांतलं बरंच तुम्हाला स्वतःलाही जमवता येईल. आम्ही एवढंच बघतो की भिंग खरोखर मोठं दाखवणारं असेल.

सुट्टीच्या दिवशी कुठे न्यायचं, तर आपल्या कोथरूडकरांना म्हातोबाची टेकडी आहेच. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर दाखवा, पण एक करा. अडकित्त्यांच्या आणि दिव्यांच्या दालनात पाटीवर हात ठेवा आणि आधी विचारा, "हे कशासाठी केलं असेल?" एका दिवसात सगळं संग्रहालय उरकायचं नाही, दोन दालनं पुरे. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायची असतील तर अरविंद गुप्तांचे व्हिडिओ नेटवर फुकट आहेत, मराठीतूनही. पुण्यातल्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं काम आमच्या ताई आणि दादांनी बारकाईने पाहिलं आहे, त्यातलंच बरंच आम्ही वर्गात वापरतो. मात्र चिठ्ठीचा प्रश्न ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्यात त्याच विषयाचा व्हिडिओ लावू नका.

चिठ्ठी बुधवारी सकाळपर्यंत परत पाठवा. हरवली तर कोऱ्या कागदावर चालेल, प्रश्न मुलाला आठवत असतो. गावाला गेलात तर तिथलंच काहीतरी पाहून लिहू द्या.

आपण खरंच काय करतो ते बघायचं असेल तर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात वर्गात येऊन बसा. मागच्या बाकावर नाही, मुलांबरोबर सतरंजीवर. आधी कार्यालयात नाव द्या, एका वेळी चारच पालकांना बसवतो. पुढच्या जूनच्या प्रवेशाची चौकशी करणाऱ्या तुमच्या ओळखीच्यांनाही याच शनिवारी आणा. फॉर्म त्यानंतरच देतो, आधी देत नाही. वर्गात वीसपेक्षा जास्त मुलं घेत नाही. सध्याच्या मुलांच्या भावंडांची नावं डिसेंबरअखेरपर्यंत कळवलीत तर त्यांच्यासाठी जागा धरून ठेवू.