छपराला सुटलेला पापुद्रा

मे महिन्यातल्या एका दुपारी पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या सपाट छपरावर उभा होतो. बुटाच्या तळव्यातून चटका जाणवत होता. समोर काळ्या टारफेल्टवर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी छपरावर चिकटवलेल्या डांबर आणि डांबरात भिजवलेल्या कापडाच्या थरांवर, फुगे आले होते, काही थाळीएवढे, काही परातीएवढे. एकावर हलकेच पाय ठेवला, तर तो गादीसारखा दबला आणि पाय काढताच पुन्हा वर आला. बरोबरच्या सुपरवायझरचं निदान पक्कं होतं : "उन्हानं डांबर फुगलंय. गेल्या पावसात दोन ठिकाणी गळलं. आता वरून अजून एक थर मारून घेतो."

हे निदान मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे आणि ते चूक आहे. डांबराचं तापमान २५ अंशांवरून ७० अंशांवर गेलं, तरी त्याचं आकारमान तीन टक्क्यांनीही वाढत नाही. तेवढ्यानं परातीएवढा फुगा येत नाही. फुग्यात वाफ असते. ती ज्या पाण्याची बनते, ते पाणी बहुतेक वेळा छप्पर करतानाच आपण आपल्या हातानं आत कोंडलेलं असतं. पावसाचा त्यात दोष नसतो. वरून अजून एक थर मारला, तर ते पाणी आणखी घट्ट कोंडलं जातं.

आधी हे छप्पर बनतं कसं ते पाहू. काँक्रीटच्या स्लॅबवर पातळ डांबराचा प्रायमर, मग गरम डांबराचा थर, त्यावर उलगडलेला फेल्टचा रोल, पुन्हा गरम डांबर. शेवटी वाटाण्याएवढी खडी. प्रायमर सोडला, तर यातला प्रत्येक थर म्हणजे एक कोर्स. एक फेल्ट असेल तर चार कोर्स, दोन असतील तर सहा, तीन असतील तर आठ. पाणी अडवतो तो फेल्ट, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पाणी अडवतं डांबर. फेल्टचं काम काँक्रीटमधल्या सळईचं : उन्हात मऊ होणाऱ्या आणि थंडीत तडकणाऱ्या डांबराला जागच्या जागी धरून ठेवायचं. खडी डांबराला सूर्याच्या अतिनील किरणांपासून झाकते. नाहीतर ते काही वर्षांत वाळून मगरीच्या कातडीसारखं भेगाळतं.

छपराचं डांबर रस्त्याच्या डांबराहून वेगळं असतं, हेही सांगायला हवं, कारण स्वस्त पडतं म्हणून एकाच्या जागी दुसरं खपवलं जातं. रस्त्याचं डांबर पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडतं. मेमधलं काळं छप्पर सहज सत्तरला जातं. म्हणून छपरासाठी तापलेल्या डांबरातून हवा फुंकतात. त्यानं रेणू एकमेकांत गुंतून मोठे होतात आणि मऊ पडण्याचं तापमान चढतं. पिंपावर ८५/२५ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ इतकाच : हे डांबर ८५ अंशांना मऊ पडतं, आणि २५ अंशांवर १०० ग्रॅम भाराची सुई पाच सेकंदांत त्यात अडीच मिलिमीटर शिरते.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली, १८४०च्या दशकातली. तेव्हा शहरांतले दिवे कोळशापासून काढलेल्या गॅसवर चालत आणि त्या कारखान्यांत कोळशाचं डांबर उरे, ज्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. सिनसिनाटीत सॅम्युएल आणि सायरस वॉरन या भावांनी ते छपरांवर आणलं. सायरस पुढे नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाला आणि डांबरातली संयुगं ऊर्ध्वपातनानं एकेक करून वेगळी काढण्यात त्यानं मोठं काम केलं. त्या डांबराची आठवण आपल्या कपाटात अजून आहे. डांबरगोळीतलं नॅप्थलीन कोळशाच्या डांबरातून काढत, म्हणून ती डांबरगोळी. आज छपरावर पडतं ते खनिज तेलाच्या तळाशी उरणारं डांबर. मराठीत नाव एकच, पण पदार्थ दोन.

आता फुग्याकडे येऊ, कारण माझा जीव त्यातच अडकला आहे.

भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकली की काही क्षणांत टम्म फुगते. दोन्ही बाजू आधीच वाळून घट्ट झालेल्या असतात, मधल्या ओल्या भागातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि वरचा पापुद्रा सुटतो. कडेला चीर गेलेली भाकरी मात्र फुगत नाही. छपरावर नेमकं हेच घडतं. फक्त तिथलं तापमान शंभराच्या खूप खाली असतं आणि गोष्ट काही क्षणांत न संपता महिनोन्‌महिने चालते.

दोन थरांमध्ये कुठेतरी पोकळी राहिलेली असते. डांबर निवायला लागल्यावर फेल्ट टाकलं, धुळीवर टाकलं, किंवा रोलला सुरकुती पडली की पोकळी राहते. ती सकाळी २५ अंशांवर आहे असं धरू. आत हवा आहे आणि पाण्याचे दोन-चार थेंब आहेत. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल. त्यातला सुमारे ३ किलोपास्कल वाफेचा, उरलेला ९८ कोरड्या हवेचा. दुपारी छप्पर ७० अंशांवर गेलं. निरपेक्ष तापमानात, म्हणजे अंशांत २७३ मिळवून, बोलायचं तर २९८ वरून ३४३, म्हणजे जेमतेम १५ टक्के वाढ. जागा तेवढीच राहिली, तर कोरड्या हवेचा दाबही १५ टक्क्यांनीच वाढणार : ९८ वरून ११३. वाफेचं गणित मात्र अगदी वेगळं आहे. द्रव पाणी शिल्लक आहे तोवर वाफेचा दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत न वाढता झपाट्यानं चढत जातो. २५ अंशांना जो ३ होता, तो ७० अंशांना ३१ होतो. दहापट! बेरीज होते १४४ किलोपास्कल, बाहेरच्यापेक्षा ४३ नं जास्त. ४३ किलोपास्कल म्हणजे दर चौरस फुटाला चारशे किलोंचा रेटा, आतून वर.

अर्थात डांबर तापून मऊ झालेलं असल्यानं ते इतका दाब साठू देत नाही. ते हळूहळू सरकतं, पोकळी मोठी होते आणि दाब उतरतो. फुगा अगदी मोकळेपणानं फुगू शकला तर कुठवर जाईल? आतला आणि बाहेरचा दाब सारखा व्हायला हवा. त्यातले ३१ वाफेनं उचलले की कोरड्या हवेच्या वाट्याला ७० उरतात. ९८ भागिले ७० गुणिले १.१५ केलं की उत्तर येतं १.६. पाणी असेल तर फुगा सकाळच्या दीडपटीहून मोठा होतो. नुसती कोरडी हवा असती, तर तो १५ टक्क्यांवर थांबला असता. सगळा फरक त्या दोन-चार थेंबांचा आहे.

पण इथवरचा भाग सोपा होता. खरं कोडं वेगळंच आहे. संध्याकाळी छप्पर निवतं, वाफेचं पुन्हा पाणी होतं, मग फुगा पूर्ववत का बसत नाही? रोज फुगून रोज बसला असता, तर काळजीचं कारण नव्हतं. डांबराचा स्वभाव आड येतो. दुपारी आत दाब जास्त असतो, त्याच वेळी डांबर मऊ असतं, म्हणून ते ताणलं जातं. रात्री आतला दाब पडतो, पण तोवर डांबर कडक झालेलं असतं. दुपारचा आकार ते तसाच धरून ठेवतं. आकार अजिबात कमी झाला नाही असं मानलं, तर पहाटे आतला दाब ६४ किलोपास्कलवर आलेला असेल, बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा एक तृतीयांशाहूनही जास्त खाली. ही ओढ लहान नाही. जोडातली बारीक फट, टाचणीएवढं भोक, फेल्टचा उघडा धागा, मिळेल त्या वाटेनं फुगा हवा ओढून घेतो, आणि हवेबरोबर दमटपणा किंवा दव. दुसऱ्या दिवशी तो आणखी ऐवज घेऊन तापायला बसतो. लोहाराच्या भात्यासारखी ही रोजची उघडझाप असते, फक्त या भात्याला आत घेणं सोपं आणि बाहेर टाकणं अवघड. काल तळहाताएवढा असलेला फुगा पुढच्या उन्हाळ्यात परातीएवढा होतो तो असा.

फुग्यावरची खडी घरंगळते, ताणलेलं डांबर पातळ होतं, वर ऊन थेट लागतं. मग कुणाचा तरी पाय पडतो आणि तो फुटतो. गळती सुरू होते ती तेव्हा.

पाणी आत येतं कुठून? पहिला स्रोत स्लॅब स्वतः. घनमीटर काँक्रीटमध्ये ३२० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी घातलं असं धरा. सिमेंट आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी रासायनिक रीतीनं बांधून घेतं, म्हणजे ८० लिटर. उरलेलं ८० लिटर सावकाश वाळायचं असतं. १५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये दर चौरस मीटरला हे १२ लिटर होतात, आणि क्युरिंगचं, म्हणजे स्लॅब पक्का होईपर्यंत वरून घातलेलं, पाणी त्याहून वेगळं. जूनच्या धास्तीनं मेच्या अखेरीला घाईघाईनं टारफेल्टिंग उरकलं, की ते सगळं खाली बंद. दुसरा स्रोत फेल्ट. आपल्याकडच्या फेल्टच्या पोटात बऱ्याचदा तागाचं कापड असतं. कोरडा दिसणारा तागसुद्धा हवेतून आपल्या वजनाच्या १३-१४ टक्के पाणी धरून असतो. फेल्टमधला ताग डांबरात भिजवलेला असतो हे खरं, पण कापलेल्या कडेला धागे उघडेच राहतात. असे रोल उघड्यावर पडले की कडांमधून वातीसारखं पाणी चढतं.

उपाय भाकरीनंच सांगितला आहे : चीर ठेवा. सर्वांत खालचा थर स्लॅबला सगळीकडे न चिकटवता ठिपक्या-ठिपक्यांनी चिकटवायचा. मग वाफेला खालच्या खाली पसरायला जागा मिळते. जागोजागी टोपी बसवलेल्या नळ्या ठेवल्या की ती बाहेर पडते. या नळ्यांना ब्रीदर व्हेंट म्हणतात. छपराला मुद्दाम भोकं ठेवायची हे मालकाला पटवणं अवघड जातं, पण पटवायला हवं.

इथे 'नॅनो टेक्नॉलॉजी'च्या नावानं विकल्या जाणाऱ्या लेपांबद्दलही बोललं पाहिजे. पाणी आत येऊ देत नाही पण वाफ बाहेर सोडतो, असा दावा बादलीवर छापलेला असतो. असा लेप असू शकतो, त्यात अशक्य काही नाही. पण चौरस मीटरमधून दिवसाला किती ग्रॅम वाफ जाते, हा आकडा मागा. आकडा नसेल तर दावाही नाही. आणि वास्तुशास्त्राच्या नावाखाली ईशान्येला ढाळ, पाइप मात्र नैर्ऋत्येला, अशी छपरं मी पाहिली आहेत. तिथे पावसाळाभर डबकं साचतं. पाणी उताराच्या दिशेनं जातं, ते दिशांची नावं विचारत नाही. पाइप जिथे आहे तिकडे निदान शंभराला एक ढाळ द्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दहा हजार चौरस मीटरच्या एका छपरावर हे नऊ हजार टनांहून अधिक पाणी होतं.

त्या कारखान्यातल्या सुपरवायझरला मी दोन गोष्टी सांगितल्या. जे फुगे शाबूत आहेत ते टोचू नका, त्यांच्यावरून चालू नका, कारण न फुटलेला फुगा अजून पाणी अडवतो आहे. जे फुटलेत ते फुलीसारखे कापा, चारी पाकळ्या उलगडून आतला भाग कडकडीत वाळू द्या, मगच चिकटवून वर ठिगळ लावा. ओल कुठवर पसरली आहे ते पाहायचं असेल, तर इन्फ्रारेड कॅमेरा सूर्यास्तानंतर आणा. कोरडा भाग लवकर निवतो. पाणी उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे ओला भाग पडद्यावर तासन्‌तास उजळ दिसतो.

आणि नवीन काम असेल तर कोणतंही यंत्र लागत नाही. स्लॅबवर पळीभर गरम डांबर ओतायचं. ते दोनशे अंशांच्या वर असतं, त्यामुळे खाली ओल असेल तर तिची तिथल्या तिथे वाफ होते आणि डांबर फसफसतं. ओल थोडी असेल तर फेस येत नाही, पण निवल्यावर ते डांबर नखानं सोललं तर पापडासारखं अख्खं निघून येतं. दोन्हींपैकी काहीही झालं, तर त्या दिवशी डांबराची भट्टी विझवायची, रोल प्लॅस्टिकखाली झाकायचे आणि स्लॅबला अजून चार दिवस ऊन द्यायचं.