जनुकीय चिन्हके आणि दुर्मिळ डोंगरी वनस्पतींचे संवर्धन

एखाद्या दुर्मिळ जातीची डोंगरावर किती झाडे उरली, हे मोजता येते. त्यांतली किती एकाच आईची आणि किती खरोखर वेगळ्या वाणाची, हे नुसते पाहून सांगता येत नाही. एकाच जातीच्या दोन झाडांच्या डीएनएमध्ये ज्या ठरावीक जागी फरक सापडतो, त्या जागांवरून हे नाते उलगडते. अशा जागांना जनुकीय चिन्हके किंवा मार्कर म्हणतात. कोणत्या झाडांचे बी गोळा करायचे, रोपे कुठे लावायची आणि कुठे मुळीच लावायची नाहीत, हे त्यांच्या आधारे ठरवता येते.

सुरुवातीला विकरांच्या (एन्झाइमांच्या) रूपांतले फरक पाहत. १९९० साली आरएपीडी ही स्वस्त पद्धत आली आणि भारतातल्या अनेक प्रयोगशाळांनी ती उचलली. मात्र तिचे निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत तसेच मिळतील याची खात्री नसे. मायक्रोसॅटेलाइट अधिक भरवशाचे ठरले. त्यांत डीएनएमधला दोन-तीन अक्षरांचा एखादा तुकडा लागोपाठ येतो. एका झाडात तो बारा वेळा असेल, तर शेजारच्यात पंधरा वेळा. आईकडून आलेला आणि बापाकडून आलेला असे दोन्ही नमुने त्यात दिसतात, म्हणून रोपाचे पालक शोधता येतात. आता एकेका अक्षराचे हजारो फरक, म्हणजे एसएनपी, एकदम वाचले जातात.

जंगलातले काम साधे, पण चिकाटीचे असते. झाडाची एक-दोन कोवळी पाने घेऊन ती सिलिका जेलच्या पाकिटात वाळवतात. गोव्याच्या पावसाळ्यात जेलचे निळे खडे ओल शोषून बघता बघता गुलाबी पडतात. ते वेळीच बदलले नाहीत तर पान काळवंडते आणि डीएनए तुटतो. सह्याद्रीतल्या अनेक झाडांच्या पानांत चीक आणि टॅनिन भरपूर असते. ते वेगळे काढल्याशिवाय पुढची पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची, पायरी साधत नाही.

गोव्यात सह्याद्री सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतून जातो. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली घोषित झाली. डोंगरमाथे, जांभ्याचे सडे आणि पायथ्याची ओलसर राने एकमेकांपासून तुटलेली असल्याने इथल्या कितीतरी जाती लहान लहान घोळक्यांत राहतात. सत्तरीतल्या बांबर येथील निरंकाराची राय हे याचे बोलके उदाहरण आहे. देवाच्या नावाने राखलेल्या या देवराईत जंगली जायफळाची दलदल टिकून आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर आलेली मुळे हीच तिची ओळख.

या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जायफळाचे बी लावणाऱ्याला हा घोळ चांगला ठाऊक असतो: काही वर्षे वाट पाहावी आणि झाड नर निघावे. जंगलात याचा परिणाम फार गंभीर होतो. समजा, दलदलीत ५० मोठी झाडे आहेत. पण नर ५ आणि माद्या ४५. अशा वेळी पुढच्या पिढीच्या जनुकीय विविधतेच्या दृष्टीने ती फक्त १८ झाडांच्या बरोबरीची ठरतात. नुसत्या शिरगणतीवर विसंबणे धोक्याचे आहे ते यासाठीच. शिवाय जायफळाचे बी वाळवून बीजपेढीत ठेवता येत नाही, ते मरते. म्हणून झाडे जागच्या जागी जगवणे आणि अनेक माद्यांखालचे ताजे बी घेऊन रोपे करणे, हाच मार्ग उरतो. माद्या निवडताना मार्कर उपयोगी पडतात.

दोन प्रकारचे मार्कर शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट कळते. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवकाचा डीएनए आईकडूनच येतो, म्हणजे बियांसोबत फिरतो. केंद्रकातला डीएनए परागांसोबतही जातो. दोन रानांतील झाडे केंद्रकाच्या मार्करवर जवळची आणि हरितलवकाच्या मार्करवर दूरची निघाली, तर पराग पोचत आहेत, बी पोचत नाही असा अंदाज बांधता येतो. मग बी वाहून नेणाऱ्या धनेशाच्या वाटेवर काय बिघडले, हे पाहावे लागते.

चुकीची किंमत किती मोठी असते, हे हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वतावर दिसले. तिथली चंदेरी पानांची सिल्व्हरस्वर्ड ही वनस्पती बहुतेकदा एकदाच फुलून मरते आणि स्वतःच्या परागांवर तिला सहसा बी धरत नाही. चरणाऱ्या जनावरांनी ती जवळजवळ संपवल्यावर १९७०च्या दशकात शेकडो रोपे लावली गेली, पण ती सारी दोनच आई-झाडांची संतती होती. डोंगर पुन्हा भरल्यासारखा दिसत होता, वाण मात्र कमालीचे आकसले होते. पुढे रानातल्या उरल्यासुरल्या झाडांचे पराग हाताने आणून संकर करावे लागले. आपल्याकडेही एखाद्या जोमदार झाडाखालचे बी गोळा करून वनमहोत्सवात हजार रोपे वाटण्याची हौस आहे. दुर्मिळ जातींच्या बाबतीत ती थांबवायला हवी.

खरपुडीसारख्या कंदवर्गीय दुर्मिळ जाती ऊतीसंवर्धनाने वाढवतात. बाटलीतली रोपे मूळ झाडाशी जुळतात की नाही, हे मार्करने तपासले जाते. पण जुळणारी सारी रोपे एकच वाण असतात, हे विसरून चालत नाही. व्यापारातली भेसळही डीएनएवरून पकडता येते. जंगली जायफळाची रामपत्री जायपत्रीत मिसळली जाते, आणि वाळलेल्या तुकड्यांवरूनही ती ओळखता येते. वनस्पतींच्या डीएनए बारकोडसाठी, म्हणजे जात ओळखण्याच्या ठरावीक डीएनए-तुकड्यांसाठी, आरबीसीएल आणि मॅटके ही दोन जनुके २००९ साली मुख्य म्हणून ठरवली गेली.

एका मर्यादेचे भान मात्र ठेवावे लागते. बहुतेक मार्कर झाडाच्या गुणावगुणांशी संबंधित नसतात. सड्याचा उन्हाळा सोसण्याची ताकद त्यांत दिसत नाही. दूरच्या डोंगरावरचे वेगळे वाण आणून इथे मिसळले, तर स्थानिक झाडांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली जुळवणूक बिघडू शकते. म्हणून रोपे आधी जवळच्या रानातून घ्यावीत. तिथले वाण अगदीच आकसलेले आढळले, तरच पुढच्या डोंगराकडे वळावे. अभयारण्यातून एखादे पान घ्यायचे तरी वनखात्याची परवानगी लागते. नमुन्याच्या झाडाची फुलाफळासह वाळवलेली फांदी वनस्पती-संग्रहालयात ठेवली, तर पुढे जातीच्या ओळखीबद्दल शंका आल्यास ती पुन्हा तपासता येते.