स्टिरिओतला हम

हम म्हणजे स्टिरिओ चालू केल्यावर, गाणं लावायच्या आधीच, स्पीकरमधून जी सलग खालच्या सुरातली घूं येत राहते ती. कुणी घरघर म्हणतं, कुणी गुणगुण, दुरुस्तीच्या दुकानात मात्र सरळ "हम मारतोय" असंच सांगतात. रेडिओची खरखर वेगळी, कॅसेटची सूं वेगळी. हम ही विजेची घूं आहे, घरातल्या लाइनचीच फ्रिक्वेन्सी कुठूनतरी गाण्याच्या वाटेत शिरते आणि अ‍ॅम्प बिचारा तीही इमानदारीत मोठी करून देतो. आपल्याकडे लाइन 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, म्हणून आपला हम 50 चा नाहीतर त्याच्या पटीतला, 100, 150, 200 असा, अमेरिकेत तोच 60 आणि 120.

पेटीवाल्यांसाठी सांगायचं तर हा हम पांढरी पाचच्या जरासा वर बसतो. पांढरी पाचला गाणाऱ्या बाईंच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण 98 हर्ट्झचा आणि हम 100 चा, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनदा एक हेलकावा येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं तानपुराच उतरलाय.

50 चा आणि 100 चा हम कानाने ओळखता आला की निम्मं काम तिथेच होतं. 50 चा हम गुळगुळीत, पोटात जाणवणारा, तो बहुतेक वेळा बाहेरून शिरलेला असतो, म्हणजे केबलमधून, अर्थिंगमधून, नाहीतर शेजारच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून. 100 चा हम भुंग्यासारखा, जरा कडक, तो बऱ्याचदा अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमधला, कारण एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर लाइनच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो आणि 50 चे 100 होतात. पण ही वाटणी काटेकोर नाही, ग्राउंड लूपमधून (तो पुढे येईलच) येणारा हमसुद्धा पुष्कळदा भुंग्यासारखाच वाजतो. शिवाय माणसाच्या कानाला 50 हर्ट्झ ऐकू यायला साधारण 44 डेसिबल लागतात, 100 ला 27 च्या आसपास पुरतात, म्हणून छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर शुद्ध 50 चा हम जवळजवळ ऐकूच येत नाही, ऐकू येतो तो त्याच्या वरच्या पटींचा भुंगा.

शोधायला सुरुवात करताना काहीही उघडायचं नाही आणि काहीही विकत आणायचं नाही, फक्त व्हॉल्यूमचं बटण फिरवायचं. व्हॉल्यूमबरोबर हम वाढत असेल तर तो बटणाच्या आधीच्या भागातून येतोय, म्हणजे प्लेअर, टीव्ही, टर्नटेबल किंवा त्यांच्या वायरी. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही तेवढाच राहिला तर तो पुढच्या भागातला, बहुधा पॉवर सप्लायमधले, डीसी सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. मग सिलेक्टर एकेका सोर्सवर नेऊन बघायचं, आणि शेवटी मागच्या सगळ्या आरसीए पिना (लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरींच्या) काढून टाकायच्या, फक्त पॉवर आणि स्पीकर ठेवायचे. (पिना काढताना आणि घालताना अ‍ॅम्प बंद ठेवा, अर्धवट बसलेली पिन जी बोंब मारते त्यात स्पीकरमधला उंच सुरांचा ट्वीटर जातो.) सगळं काढल्यावर अ‍ॅम्प शांत झाला तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. एकेक वायर परत लावत जायची, ज्या वायरीला घूं परत आली ती वायर चोर, किंवा चोराचा रस्ता तरी. हे एवढं न करता लोक आधी महागड्या केबल आणतात, मग महागडा स्पाइक बस्टर आणतात, आणि हम जिथल्या तिथे.

घरच्या सिस्टिममध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ग्राउंड लूप. दोन यंत्रं अर्थला दोन वेगवेगळ्या वाटांनी जोडलेली असतात, त्या दोन अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो, आणि मधली आरसीए केबल त्या फरकाला पूल बांधून देते. आरसीएची गोम अशी की तिची बाहेरची जाळी हीच सिग्नलची परतीची वाटही असते. लूपचा करंट जाळीतून गेला की जाळीवर जो काही मिलिव्होल्ट पडतो तो थेट गाण्यात मिसळतो. साध्या पॉवर अ‍ॅम्पचा गेन 28 डेसिबल धरला तर तो सिग्नल 25 पट करतो, म्हणजे 1 मिलिव्होल्टचा हम स्पीकरवर 25 मिलिव्होल्ट होऊन बसतो आणि रात्री शांत खोलीत तो ऐकू येतो. स्टुडिओतल्या बॅलन्स्ड केबलला हा त्रास कमी, कारण तिथे सिग्नलच्या दोन तारा वेगळ्या आणि जाळी वेगळी असते, घरात मात्र सगळा कारभार आरसीएवरच.

आमच्याकडचा किस्सा याच जातीचा होता. अ‍ॅम्प तीन पिनचा, रीतसर अर्थ केलेला, टीव्हीवरून एक आरसीए जोडी अ‍ॅम्पला, आणि टीव्हीवर घूं सुरू. टीव्ही रिमोटने बंद केला तरी घूं, टीव्हीचा प्लग काढला तरी घूं, तेव्हा मी दोन दिवस अ‍ॅम्पलाच शिव्या घातल्या. शेवटी सेटटॉप बॉक्सच्या मागचा डिशचा काळा केबल हाताने उलटा फिरवत गेलो, पाच-सहा आटे असतील, आणि शेवटचा आटा सुटून कनेक्टरची कड बॉक्सपासून अलग झाली त्याच क्षणी खोली एकदम शांत. परत टेकवला की घूं, काढला की शांत, लाइटच्या बटणासारखं. डिश गच्चीच्या लोखंडी कठड्याला बोल्टने आवळलेली, तिचा अर्थ तिथे, अ‍ॅम्पचा अर्थ खाली मीटरजवळ, आणि मधे एचडीएमआय, टीव्ही, आरसीए अशी सगळी साखळी.

यावर लोक कोअ‍ॅक्स केबलमध्ये घालायचा, मधली तांब्याची वाट तोडणारा आयसोलेटर सुचवतात. केबल टीव्हीला तो चालतो पण डिशला नाही, कारण डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डोक्याला, 13 किंवा 18 व्होल्ट डीसी त्याच केबलमधून वर जातात आणि साधा आयसोलेटर डीसी अडवतो, मग हमही गेला आणि चॅनेलही गेले. डिशच्या बाबतीत तोडायचं ते ऑडिओच्या बाजूला. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर उत्तम, तोशिबाने 1983 मध्ये आणलेली ही टॉसलिंक केबल म्हणजे नुसता उजेड, तिच्यात तांबंच नाही त्यामुळे लूप व्हायला जागाच नाही. अ‍ॅम्पला ऑप्टिकल नसेल तर मधे छोटा डॅक, म्हणजे डिजिटलचा साधा ऑडिओ करणारी डबी, लागतो. तेही नको असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मिळते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, हम जातो, पण स्वस्त डबी सोबत थोडा बेसही घेऊन जाते, तबल्याच्या डग्ग्यावर लगेच कळतं. आणि फुकटातला उपाय म्हणजे सगळी यंत्रं एकाच बोर्डवरच्या एकाच एक्स्टेंशनला लावणं. हॉलच्या दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटवरून घेतलेली सिस्टिम एका एक्स्टेंशनवर आणली तर हम बऱ्याचदा तिथेच बसतो.

एक उपाय मात्र करायचा नाही, अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणं. हम जातो हे खरं, म्हणूनच तो सल्ला इतका पसरलाय. आपल्या तीन पिनच्या प्लगमध्ये अर्थची पिन जाडही असते आणि लांबही, ती लांब ठेवण्याचं कारण म्हणजे प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. ती काढली आणि पुढेमागे आतली फेजची वायर बॉडीला टेकली तर अ‍ॅम्पच्या पत्र्यावर, आणि आरसीएच्या जाळीतून जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर, 230 व्होल्ट. ज्या यंत्राला मुळातच दोन पिना आहेत आणि मागे चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे ते डबल इन्सुलेशनचं असतं, त्याला अर्थ लागत नाही, पण ते कंपनीने तसं बनवलेलं असतं, पकडीने नाही.

उलटा प्रकारही आपल्याकडे भरपूर, म्हणजे सॉकेटला तिसरं भोक आहे पण मागे अर्थची वायरच नाही. ओळखायची खूण म्हणजे बोटांची मागची बाजू अ‍ॅम्पच्या पत्र्यावरून हळूच सरकवली की मुंग्यांसारखं, पत्रा खरबरीत असल्यासारखं लागतं. टेस्टर टेकवला तर दिवा मंद पेटतो. कारण यंत्रांच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले छोटे फिल्टर कपॅसिटर असतात, अर्थ नसला की बॉडी दोघांच्या मधोमध, साधारण 115 व्होल्टवर तरंगते. करंट मिलिअँपच्याही आत असतो म्हणून झटका बसत नाही, पण तोच करंट आरसीएच्या जाळीतून वाट काढतो आणि भुंगा सुरू. लॅपटॉप चार्जिंगला लावला की आवाज येतो आणि चार्जर काढला की जातो तोही याच घराण्यातला. इथे उपाय इलेक्ट्रिशियनच. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवेत. काही इलेक्ट्रिशियन बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळून "झालं अर्थिंग" म्हणतात, त्यांना चहा पाजून परत पाठवावं, कारण न्यूट्रल तुटला तर त्याच वायरीने अख्खी बॉडी लाइव्ह होते.

टर्नटेबलचा हम हा वेगळाच अध्याय, आणि रेकॉर्ड परत घ्यायला लागलेल्या मंडळींच्या डोक्याला तोच ताप. सीडी प्लेअर 2 व्होल्ट देतो, टर्नटेबलच्या काट्याचं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज 5 मिलिव्होल्टच्या आसपास. तो फोनो स्टेजमध्ये, म्हणजे टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या टप्प्यात, 100 पट होतो, त्यात 1954 पासून चालत आलेल्या, रेकॉर्ड कापताना दाबलेला बेस परत वाढवणाऱ्या आरआयएए कर्व्हमुळे 50 हर्ट्झला आणखी 17 डेसिबल, म्हणजे 7 पट वाढ मिळते. हमला 700 पट आणि गाण्याला 100 पट असा हा व्यवहार. त्यामुळे टर्नटेबलच्या आरसीएसोबत जी एक बारीक सुटी वायर येते, टोकाला दोन पायांची चकती असलेली, ती फोनोच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूखाली घट्ट बसलीच पाहिजे. सगळं जोडूनही टोनआर्मला (काट्याच्या दांड्याला) हात लावला की हम कमी होतो, असं असेल तर ती वायर आत कुठेतरी तुटलीय, तुम्हीच अर्थ झालेले असता. एकाच चॅनेलला घूं असेल तर हेडशेलमधल्या, म्हणजे टोनआर्मच्या टोकाशी कार्ट्रिज बसतं तिथल्या, चार केसाएवढ्या तारा बघायच्या, लाल-हिरवी उजवीकडची, पांढरी-निळी डावीकडची, त्यातली हिरवी किंवा निळी सैल असते. आणि टर्नटेबल अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवू नका, खाली ट्रान्सफॉर्मर आहे. काटा रेकॉर्डच्या मध्याकडे जाताना हम वाढत किंवा घटत असेल तर समजायचं की तो चुंबकी आहे, दीड-दोन फूट बाजूला सरकवलं की अंतराने तो झपाट्याने विरतो.

फॅनचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि लाइटचा डिमर हे लाट कापून चालतात, त्यांचा भुंगा स्पीड बदलला की बदलतो, ओळखायला सोपा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर चांगला अ‍ॅम्पही गुरगुरतो, लाइट आले की गप्प. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये 6.3 व्होल्टच्या एसी हीटरमुळे थोडा हम मुळातच असतो, काहींना तो कमी करायला मागे एक छोटा स्क्रू दिलेला असतो. कपॅसिटर बदलायचं काम मात्र घरी करू नये, अ‍ॅम्प बंद केल्यावरही ते भरलेले असतात.

शेवटचा हम स्पीकरमधून येतच नाही. कान अ‍ॅम्पच्या झाकणाला लावला तर ट्रान्सफॉर्मरच गुणगुणत असतो, पत्र्याच्या पट्ट्या 100 हर्ट्झने थरथरतात. अमेरिकेतून येताना कुणीतरी कौतुकाने आणलेल्या अ‍ॅम्पमध्ये हे हमखास. इथे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून 230 चे 120 व्होल्ट होतात, पण 50 चे 60 हर्ट्झ होत नाहीत. नुसत्या 60 साठी बांधलेल्या कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) 50 वर 20 टक्के जास्त फ्लक्स, म्हणजे चुंबकी प्रवाह, भरतो, तो गुणगुणतो आणि तापतोही. मागच्या पट्टीवर 50/60 छापलेलं असेल तर काळजी नाही. नुसतं 60 असेल तर त्याखाली रबराचे पाय लावा, वर काही ठेवू नका, आणि तासाभराने झाकणावर हात ठेवून बघा. हात टेकवत नसेल इतकं तापलं तर बंद करून इथला 230 चा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्यावा लागतो, ते काम पुण्या-मुंबईत अजून करून मिळतं.