जिम निवडताना आधी सव्वा किलोची प्लेट शोधा

जिम बघायला गेलं की नजर आधी आरशांवर, एसीवर आणि ट्रेडमिलच्या रांगेवर जाते. शरीराला यातल्या कशाचंच फारसं देणंघेणं नसतं. त्याच्यावर ज्या प्रकारचा भार पडतो, त्या प्रकारे ते बदलतं, आणि भार वाढत राहिला तरच बदलत राहतं. जड वजन मोजक्या वेळा उचललं तर ताकद वाढते. रोज अर्धा तास दम लागेपर्यंत काम केलं तर हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. म्हणून जिमला विचारायचा प्रश्न एकच: मला हवा तो भार इथे मिळेल का, आणि पुढचे सहा महिने तो थोडाथोडा वाढवता येईल का?

ताकद वाढवायची असेल तर स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) यांसाठी 20 किलोचा बार आणि पॉवर रॅक, म्हणजे बार ठेवायची उभी लोखंडी चौकट, हवाच. रॅकच्या दोन्ही बाजूंचे आडवे सेफ्टी बार, म्हणजे वजन झेपलं नाही तर ते झेलणारे दांडे, नीट बघा. ते अडकवायची रॅकवरची छिद्रं जवळजवळ असली पाहिजेत. बेंच प्रेसमध्ये पाठीची थोडी कमान ठेवल्यावर बार छातीला टेकावा, पण कमान सोडली की तो सेफ्टीवर बसावा, इतक्या नेमक्या उंचीवर ते लावता आले पाहिजेत. छिद्रांत अंतर जास्त असेल तर एक उंची फार वर पडते, दुसरी फार खाली, आणि एकट्याने जड सेट (न थांबता सलग केलेल्या उचली) मारणं धोक्याचं होतं.

मग प्लेट्सचा, म्हणजे बारच्या टोकांना लावायच्या वजनाच्या चकत्यांचा, स्टँड. सगळ्यात लहान प्लेट किती किलोची आहे? समजा तुम्ही खांद्यावरून 25 किलो वर ढकलता. लहानात लहान प्लेट अडीच किलोची असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून पुढची पायरी 30 किलोची, म्हणजे एकदम 20 टक्के वाढ. ती सहसा झेपत नाही, आणि माणूस महिनोन्‌महिने त्याच वजनावर अडकून स्वतःलाच दोष देत बसतो. सव्वा किलोच्या प्लेट्स असतील तर वाढ 10 टक्के, अर्ध्या किलोच्या असतील तर फक्त 4 टक्के. डंबेलचंही तेच. 10 नंतर थेट साडेबारा म्हणजे 25 टक्क्यांची उडी. अशा वेळी आधी रेप्स, म्हणजे एका सेटमधल्या उचली, वाढवायच्या: 8 वरून 12 पर्यंत जा, मग पुढचं डंबेल घ्या. नवशिक्यांसाठी आणि कमी वजनाने सुरुवात करणाऱ्या स्त्रियांसाठी लहान प्लेट ही महागड्या मशीनपेक्षा मोलाची वस्तू आहे.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत वजन भराभर वाढतं, पण दंडाचा घेर फारसा हलत नाही. घाबरू नका. सुरुवातीची बरीचशी ताकद मज्जासंस्थेतून येते, कारण मेंदू आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू कामाला लावतो. आकार मागून येतो.

फक्त स्नायूंचा आकार हवा असेल तर निवड सोपी आहे. नेहमी जाता येईल इतक्या अंतरावरचं, चांगली मशीन असलेलं साधं जिम पुरतं. सेट संपताना अजून एक ते तीनच रेप्स निघतील अशी अवस्था आली, तर 5 रेप्सनेही स्नायू वाढतो आणि 30 नेही. आठवड्याला एका स्नायूगटासाठी साधारण 10 सेट धरा. मशीन मात्र स्वतः बसून तपासा. लेग एक्स्टेन्शनवर (बसून पाय सरळ करायच्या मशीनवर) गुडघ्याचा सांधा मशीनच्या फिरत्या आसाच्या समोर येतो का? सीट तितकी सरकत नसेल तर पाय उचलताना पॅड नडगीवर वरखाली घसरतो. तसं झालं तर ते मशीन तुमच्या मापाचं नाही.

दम वाढवण्यासाठी जिम लागतंच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायूंचा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही. ग्रुप क्लासची अडचण वेगळी आहे: वेग समूह ठरवतो, त्यामुळे एकाला भार कमी पडतो, दुसऱ्याला जास्त. ताकद आणि दम दोन्ही हवं असेल तर संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा 1980चा प्रयोग माहीत असावा. आठवड्यातून 5 दिवस वजनं आणि 6 दिवस धावणं-सायकल असं दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास थांबली. तो भार प्रचंड होता. दोन-तीन दिवस वजनं आणि दोन दिवस कार्डिओ करणाऱ्याने चिंता करू नये.

चरबी मुख्यतः जेवणाने उतरते. त्या काळात स्नायू टिकवायला वजनं लागतात. पोहण्याने सांध्यांना आराम मिळतो, पण हाडांवर भार पडत नाही, म्हणून तलावाच्या जोडीला वजनं ठेवा.

घड्याळ लावून दमछाकीत बारबेल उचलायला लावणाऱ्या फंक्शनल जिममध्ये आधी नवशिक्यांचा वेगळा वर्ग आहे का, हे विचारा. थकल्यावर पहिलं बिघडतं ते तंत्र. पहिल्याच दिवशी शेकडो रेप्स करायला लावत असतील तर थांबा. अतिश्रमाने स्नायूंचे तंतू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडावर ताण आणू शकतं. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

पैसे भरण्याआधी तुम्ही रोज येणार त्याच वेळेला एकदा जाऊन बघा. जड वजनाचे चार सेट आणि मध्ये तीन-तीन मिनिटांची विश्रांती धरली, तर एक माणूस रॅक साधारण 15 मिनिटं अडवतो. पुढे तिघं असतील तर तुमचा पाऊण तास गेला. अशा जिमला एक रॅक असून नसल्यासारखा आहे. मग ट्रेनरला विचारा, प्रत्येकाच्या वजनांची आणि रेप्सची नोंद कुठे ठेवता? वही किंवा अ‍ॅप लगेच उघडून दाखवलं तर एक महिन्याची फी भरा. वर्षाची नंतर बघू.