माणसाने डायनासोरची शिकार केली होती का?

आदिमानव डायनासोरची शिकार करायचा, असे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरताहेत. तसं झालेलं नाही. पक्षी सोडले (तेही डायनासोरचेच वंशज!) तर शेवटचे डायनासोर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. आपली मानवजात जेमतेम ३ लाख वर्षांची.

पडताळा महाराष्ट्रातल्या दगडांतच मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यात पिजदुऱ्याजवळ डायनासोरची हाडं सापडतात ती ‘लॅमेटा’ नावाच्या गाळाच्या खडकांच्या थरांत, आणि हे थर दख्खनच्या काळ्या कातळाखालचे. म्हणजे आधी हाडं गाडली गेली, मग त्यावर लाव्हा पसरला. आता नेवाशाला या. तिथे प्रवरेकाठच्या जुन्या गाळात आदिमानवाची हत्यारं मिळाली, ती बरीचशी याच काळ्या दगडाची. लाव्हा थिजून कातळ झाला, नदीने तो कापला, त्यानंतर कधीतरी कुणी त्यातून हातकुऱ्हाड घडवली.